सकाळी खडखड, दुपारी पंखा: आधी बॅटरी बदलू का?

कॅलिफोर्नियातल्या एका वाचकाचं पत्र आधी देतो, थोडं कापलंय. गाडी टोयोटाची प्रियस, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड.

"काका नमस्कार, फ्रीमाँटहून लिहितेय. माझी २०१० ची प्रियस आहे, सेकंड हँड घेतली होती, आता १ लाख ७२ हजार माइल झालेत. गेले दोन महिने सकाळी पहिल्यांदा चालू केली की सगळी गाडी थरथरते आणि खडखड आवाज येतो, डब्यात खिळे घालून कोणी हलवतंय असा. २०-३० सेकंदात थांबतो, मग दिवसभर काही नाही. चेक इंजिनचा दिवा दोनदा लुकलुकला. दुसरं म्हणजे दुपारी उन्हात मागच्या सीटपाशी पंखा जोरात ओरडतो, डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या दांड्या दोनवरून आठवर पाच मिनिटांत चढतात आणि तशाच धाडकन उतरतात, मागच्या आठवड्यात धोक्याचा लाल त्रिकोण पण आला. गॅरेजवाल्याने कोड काढले, पी०ए८० आणि पी०३००. म्हणाला हायब्रिड बॅटरी गेलीय, २८०० डॉलर, ती टाकून बघू, थरथर त्यानेच असेल, नसेल तर मग ट्रान्समिशन बघावं लागेल. साताऱ्याहून बाबा आलेत, ते म्हणतात ही गाडी नाही फटफटी आहे, विकून टाक. नवरा म्हणतो बॅटरी टाकू. काय करू? ता.क. हीटर लावला की डॅशबोर्डच्या आतून पाणी गळगळल्यासारखा आवाज येतो, पण बारीक आहे, त्याचं एवढं काही नाही."

अगं, सगळ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू ता.क. मधे टाकलीस आणि वर म्हणतेस त्याचं एवढं काही नाही! मी पत्र वाचताना पी०ए८० (हायब्रिड बॅटरी दमल्याचा कोड) पर्यंत नवऱ्याच्या बाजूने होतो, गळगळ वाचली आणि चष्मा काढून खाली ठेवला.

आधी एक सांगतो, मग कारणं. बॅटरीचे २८०० डॉलर आत्ता कोणालाही देऊ नकोस. बॅटरी चांगली आहे असं नाही, बहुतेक ती दमलेलीच आहे, पण तुझ्या गाडीला दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यातलं मोठं इंजिनचं आहे, आणि इंजिनचा निकाल लागल्याशिवाय बॅटरीवर पैसे घालणं म्हणजे छप्पर उडायला आलेल्या घराला रंग देणं.

आता ती गळगळ. हीटर म्हणजे काय, तर इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, गरम होऊन डॅशबोर्डच्या आत एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि त्यावरून हवा येते. तिथे पाणी वाहिल्याचा आवाज ऐकू येतो तेव्हा नळीत नुसतं कूलंट नसतं, सोबत हवा असते. भरलेल्या नळातून पाणी जाताना आवाज येत नाही, नळ आला की सुरुवातीला जो फुर्र फुर्र करतो ना, तसं. मग ही हवा आली कुठून? एक तर कूलंट कमी झालंय, नाहीतर सिलिंडरमधला गॅस कूलंटमधे शिरतोय. आणि बाहेर जमिनीवर गुलाबी डाग नसेल (टोयोटाचं कूलंट गुलाबी असतं, पार्किंगमधे खाली वाकून बघ) तर कूलंट आतच कुठेतरी जातंय.

हे आता सकाळच्या खडखडीला जोड. तुझ्या गाडीत १.८ लिटरचं इंजिन आहे, टू झेड आर एफ एक्स ई नावाचं, २०१० ते २०१५ च्या सगळ्या प्रियसना हेच, म्हंजे तिसऱ्या पिढीला. या इंजिनची एक ठरलेली बोंब आहे, हेड गॅस्केट. हेड (इंजिनचं वरचं झाकण) आणि ब्लॉक (खालचा सिलिंडरचा भाग) यांच्या मधली ती पातळ पत्र्याची गॅस्केट एखाद्या सिलिंडरपाशी थोडीशी सुटते. दिवसा गाडी चालताना काही कळत नाही. रात्री गाडी उभी केलीस की गरम सिस्टिममधे प्रेशर शिल्लक असतं, त्या प्रेशरने चमचा-दोन चमचे कूलंट त्या फटीतून सिलिंडरमधे झिरपतं आणि रात्रभर तिथे बसतं. सकाळी तू बटन दाबतेस, इंजिन फिरतं, बाकी तीन सिलिंडर पेटतात आणि हा ओला सिलिंडर काही पेटत नाही. यालाच मिसफायर म्हणतात, पी०३०० हा त्याचाच कोड. वीस-तीस सेकंदात पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागते, तुला वाटतं झालं नीट.

मग आवाज एवढा भयंकर का येतो, कारण साध्या गाडीत मिसफायर झाला तर गाडी नुसती फडफडते. प्रियसमधे इंजिन आणि ट्रान्सॅक्सल, म्हणजे प्रियसचं ट्रान्समिशन, यांच्या मधे स्प्रिंगवाली डँपर प्लेट असते, एक सिलिंडर बंद पडला की इंजिनचे झटके त्या स्प्रिंगांवर आदळतात आणि डब्यात खिळे हलवल्यासारखं ऐकू येतं. तू उपमा अगदी बरोबर दिलीस, आणि म्हणूनच तुझ्या गॅरेजवाल्याच्या तोंडी ट्रान्समिशन आलं. आवाज तिथूनच येतो हो, पण मारणारा दुसरीकडे बसलाय. असे माउंट बदललेले, डँपर बदललेले, एकाने तर अख्खा ट्रान्सॅक्सल बदललेला मी बघितलाय, सगळं नवं बसवून दुसऱ्या दिवशी सकाळी परत खडखड.

हे ऐकून घाबरू नकोस, अजून मी नक्की म्हणत नाहीये. थंडीत दमट हवेने, जुन्या स्पार्क प्लगने, किंवा इनटेकमधे (इंजिनात हवा जाते त्या वाटेत) साचलेल्या पाण्याने पण सकाळी मिसफायर होतो. पण ते तपासायला पैसे लागत नाहीत, एक चिकटपट्टी लागते.

गाडी थंड असताना, म्हंजे सकाळी चालू करायच्या आधी, बॉनेट उघड. कूलंटच्या दोन टाक्या दिसतील, एक इंजिनची आणि एक इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणारा डबा), दोघींची गल्लत करू नकोस, कुठली कुठली ते मॅन्युअलमधे चित्र आहे. इंजिनच्या टाकीवर कूलंट जिथे आहे तिथे चिकटपट्टी लाव आणि तारीख लिही. आठ दिवस रोज सकाळी थंड असतानाच बघ. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, बाबांनाही लावू देऊ नकोस, त्यांच्या जुन्या स्कूटरचं नाही हे. आठ दिवसात बोटभर खाली गेलं आणि बाहेर कुठे डाग नाही, तर गॅस्केटचा संशय माझ्या मते जवळजवळ पक्का. त्यातल्या एका सकाळी नवऱ्याला मागे सायलेन्सरपाशी उभं कर आणि तू चालू कर, पांढरा दाट धूर आला आणि गोडसर वास आला तर तोही पुरावा. नुसती पांढरी वाफ थंडीत सगळ्याच गाड्यांना येते, तिच्यावरून निकाल देऊ नका. आणि फोनवर आवाजाचा व्हिडिओ काढून ठेव, कारण गॅरेजमधे अकरा वाजता नेलीस की गाडी एकदम शहाणी असते आणि मेकॅनिक म्हणतो कसला आवाज मॅडम.

गॅरेजला नेशील तेव्हा गाडी आदल्या रात्री तिथे सोड. "हेड गॅस्केट बघा" असं मोघम सांगू नकोस, काय काय करायचं ते नाव घेऊन सांग. कूलंट सिस्टिमला रात्रभर प्रेशर देऊन ठेवा, सकाळी चारही स्पार्क प्लग काढा आणि बोअरस्कोप, म्हणजे दोरीच्या टोकाला कॅमेरा असतो तो, एकेका सिलिंडरमधे घाला. ज्या सिलिंडरमधे कूलंट जातंय त्याच्या पिस्टनचं डोकं धुतल्यासारखं स्वच्छ दिसतं, बाकीचे तीन काळे. वाफेने घासून निघालेलं असतं ते. कधी कधी तर थेंबच दिसतात. हे बघितल्यावर वाद संपतो. निळ्या पाण्याची एक टेस्ट पण असते, कूलंटवरची हवा त्यातून ओढायची, जळलेला गॅस असेल तर निळं पिवळं होतं. पण गॅस्केट नुकतीच सुटायला लागली असेल तर ही टेस्ट खोटी पास होते, मी तिच्यावर एकटीवर विश्वास ठेवत नाही. आणि मेकॅनिकला प्रियस मेंटेनन्स मोडमधे कशी टाकायची हे माहीत नसेल (नाहीतर इंजिन मनाला येईल तेव्हा बंद पडतं आणि टेस्टच होत नाही) तर सरळ दुसरं गॅरेज बघ, तो माणूस वाईट नसेल पण तुझ्या गाडीवर शिकेल.

गॅस्केट का जाते याचं उत्तर इंजिनच्या मागे दडलेलं आहे. तिथे ईजीआर कूलर म्हणून एक डबा असतो. सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर थंड करून परत इंजिनात पाठवायचा, हे त्याचं काम. एक लाख माइलच्या आसपास तो काजळीने तुंबतो, आपल्याकडे चुलीचं धुराडं तुंबायचं ना तसाच, आणि इनटेक मॅनिफोल्डमधे चारही सिलिंडरना जाणारी जी बारीक भोकं असतात ती पण कमीजास्त बुजतात. मग एका सिलिंडरला थंड केलेला धूर मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही, तो जास्त तापतो, ठोकतो, आणि गॅस्केट तिथेच दम तोडते. हे मी म्हणतो असं नाही, या गाड्या उघडणाऱ्या बऱ्याच लोकांचं हेच मत आहे. भर म्हणजे या इंजिनला पट्टा नाही, पाण्याचा पंप विजेवर चालतो, तो पण याच वयात जातो, आणि डॅशबोर्डवर टेंपरेचरचा काटाच नाही, नुसता एक लाल दिवा. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पहिला मालक शंभरदा ऑइल बदलत होता असं सांगत असेल तरी ईजीआर कधी साफ केला का ते विचार, उत्तर "ते काय असतं" असंच येईल.

आत्ता गाडी चालवावी का? गावातल्या गावात, कूलंट बघून, चार-आठ दिवस चालव. लेक टाहोला बाबांना बर्फ दाखवायला या गाडीतून नेऊ नकोस. सिलिंडरमधे पाणी जास्त साचलं आणि इंजिनने ते दाबायचा प्रयत्न केला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खडखड वीस सेकंदांची राहत नाही, दिवसभराची टकटक होते. ती टकटक सुरू झाली की गॅस्केटचा विषय संपला, इंजिनच बदलायचं. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर एकवेळ चालेल, पण लुकलुकायला लागला तर पाय उचल, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा गाडीखालचा डबा, जाळतं. बाय द वे, एखाद्या सकाळी खडखड नाही, रणगाड्यासारखा गडगडाट आला तर इंजिनात काही शोधू नकोस, खाली वाक, कन्व्हर्टर चोरीला गेलाय. आपल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियात हे सांगायला लागतंय.

आणि ती बाटली! कोणीतरी तुला नक्की सांगणार, वीस डॉलरची बाटली कूलंटमधे ओत, गॅस्केट सील होते. नको. ती पावडर कुठल्या फटीत बसायचं ते विचारत नाही, हीटरमधे बसते, विजेच्या पंपात बसते. विकायच्या आदल्या दिवशी लोक ओततात ती, म्हणूनच जुनी प्रियस घेताना कूलंटमधे चमचम दिसली तर मी तिथूनच मागे फिरतो.

आता बॅटरीकडे येऊ. ती पण खरोखर आजारी आहे, फक्त रांगेत दुसरी आहे.

तुझ्या गाडीत बॅटऱ्या दोन. एक साधी १२ व्होल्टची, मागे डिकीत उजव्या कोपऱ्यात झाकलेली, आणि दुसरी मोठी, मागच्या सीटच्या मागे, निकेल मेटल हायड्राइडची. मोठीत २८ मॉड्यूल एकापुढे एक जोडलेले, प्रत्येक ७.२ व्होल्ट, सगळे मिळून २०१.६. प्रियसला वेगळा स्टार्टर नाही, इंजिन फिरवते ती ही मोठी. लहान बॅटरी फक्त कॉम्प्युटर जागे करते. पण लहानी मेली तर कॉम्प्युटर अर्धवट शुद्धीत येतात आणि डॅशबोर्डवर दिवाळी होते, एबीएस, त्रिकोण, स्टिअरिंग, सगळे एकदम, आणि लोक मोठ्या बॅटरीला श्रद्धांजली वाहून मोकळे होतात. म्हणून आधी लहानीला बघ, वीस डॉलरचा मीटर घे, गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी दार उघडल्यावर जरा थांबून माप. १२.६ च्या आसपास असेल तर तब्येत छान, १२.२ च्या खाली असेल तर म्हातारी झाली. गाडी रेडीमधे, म्हणजे चालू, असताना मोजशील तर १४ च्या आसपास दिसेल आणि तुला वाटेल वा वा, पण तो आकडा बॅटरीचा नाही, चार्ज करणाऱ्या कन्व्हर्टरचा आहे. इथे अर्धे लोक फसतात. बदलायची झाली तर एजीएम (ॲसिड न सांडणाऱ्या) प्रकारचीच घे, ती गाडीच्या आत बसते, साधी ॲसिडवाली तिथे नको.

तुझ्या केसमधे मात्र पी०ए८० आहे आणि दांड्या वरखाली उड्या मारतायत, म्हणजे लहानीवर ढकलून चालणार नाही. दांड्या अशा पटापट का चढतात ते सांगतो. हंडा जुना झाला, तळाशी गाळ साठला की दोन तांब्यात भरतो आणि दोन तांब्यात रिकामा होतो, तसं. क्षमता गेली. पण २८ च्या २८ मॉड्यूल एकदम मरत नाहीत, बहुतेक मधले आधी जातात, कारण ते सगळ्यात जास्त तापतात. आणि तापतात का, तर पंखा.

तो ओरडणारा पंखा हा आजार नाही गं, तो बिचारा मदतीला धावलेला आहे. मागच्या सीटच्या उजव्या बाजूला एक जाळी आहे, त्यातून केबिनमधली गार हवा ओढून तो बॅटरीवर सोडतो. बाबा आल्यापासून तिथे काय ठेवलंय ते बघ. इंडियन ग्रोसरीतून आणलेली वीस पौंडाची तांदळाची गोणी बरोब्बर त्या जाळीला टेकवून ठेवलेली मी किमान पाच-सहा मराठी घरांच्या गाड्यांमधे बघितलीय, एका घरी तर तिथे सतरंजीची गुंडाळी कायमची, ढोल-ताशा पथकाची. आणि घरात कुत्रं असेल तर विचारूच नकोस, पंखा काढला की त्यावर लोकरीचा स्वेटर विणलेला असतो. पंख्याला तिथून काढून ब्रशने साफ करायला तासभर लागतो. हे काम फुकट आहे आणि तू आजच करायचं, बॅटरी ठेवायची असो वा नसो.

मग बॅटरीचं खरं वय बघायचं. पंचवीस-तीस डॉलरचा ब्लूटूथवाला ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा) घे आणि फोनवर डॉक्टर प्रियस किंवा हायब्रिड असिस्टंट यातलं एखादं ॲप टाक. त्यात १४ जोड्या दिसतात, दोन दोन मॉड्यूलची एकेक. रिकाम्या रस्त्यावर गाडीला जरा ओढायला लाव, चढावर वगैरे, आणि शेजारी नवऱ्याला फोन धरू दे (तू रस्त्याकडे बघ). सगळ्या जोड्या सोबत खाली गेल्या आणि सोबत वर आल्या, पाव-अर्ध्या व्होल्टच्या आत, तर बॅटरीत अजून जीव आहे. बाकी ठीक आणि एखादीच जोडी व्होल्टभर खाली बुडते तर तेवढा भाग मेलाय. आणि एक लक्षात घे, इंजिन आजारी असेल तर तेवढा भार बॅटरीवरच पडतो, त्यामुळे इंजिन नीट झाल्यावर हीच टेस्ट परत करायची. आकडे थोडे सुधारलेले दिसू शकतात, मेलेलं मॉड्यूल मात्र मेलेलंच राहणार.

नवऱ्याला यूट्यूबवर बघून मॉड्यूल बदलायची हुक्की येईल, इंजिनिअर आहे म्हणतेस, म्हणजे येणारच. नारिंगी वायर म्हणजे यमाची दोरी. दोनशे व्होल्ट डीसी हात सोडत नाही, आणि सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा) काढल्यावर पण इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटं द्यावी लागतात. हजार व्होल्टचे रबरी ग्लव्ह्ज, अंगठी-घड्याळ काढून, आणि मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. पंखा साफ कर म्हणावं, त्यात इंजिनिअरिंग भरपूर आहे. तसंही एक मॉड्यूल बदलणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला तरणा बैल, दोन-तीन महिन्यात शेजारचं जातं. दुकानात मिळणारी रिफर्बिश्ड बॅटरी हजार-दीड हजारात मिळते ती पण बहुतेक अशीच, जुन्या मॉड्यूलमधून निवडून लावलेली. वर्षभर ढकलायची असेल तर घे, पाच वर्षं ठेवायची असेल तर नव्या सेलची घे, आणि वॉरंटीच्या कागदावर मजुरी धरलीय का ते वाच. कंपनीची वॉरंटी विचारशील तर कॅलिफोर्नियात १० वर्षं किंवा दीड लाख माइल होती, तुझी दोन्हीच्या पलीकडे गेली.

आता हिशोब. इंजिन उघडून गॅस्केट, हेड सपाट करून, ईजीआर आणि मॅनिफोल्ड साफ, नवा पाण्याचा पंप, हे सगळं स्वतंत्र गॅरेजमधे आमच्या बाजूला दोन-तीन हजारांच्या घरात जातं. वर बॅटरी २८००. म्हणजे साधारण पाच-सहा हजार, आणि एवढ्या माइलेजची धडधाकट २०१० ची प्रियस विकायला गेलीस तर तेवढे तरी मिळतील का ही शंका. म्हणून क्रम महत्त्वाचा. बोअरस्कोपमधे चारही पिस्टन सारखेच काळे निघाले तर उत्तम, स्पार्क प्लग, ईजीआर सफाई, आणि मग खुशाल बॅटरी टाका, अजून लाखभर माइल चालेल. एक पिस्टन धुतलेला निघाला पण हेड वाकलेलं नाही, ऑइलमधे पाणी नाही, आणि ॲपवर फक्त एखादी जोडी कमजोर दिसतेय, तर मी गॅस्केट करेन आणि बॅटरी रिफर्बिश्ड टाकेन. दोन्ही पूर्ण गेले असतील तर बाबा बरोबर. जशी आहे तशी, दोन्ही कोड घेणाऱ्याला दाखवून, विकून टाक. लपवून विकू नकोस, आपल्याच ग्रुपमधे कोणीतरी घेतं आणि मग गणपतीत समोरासमोर येतं.

मी हे एवढ्या ठसक्यात का सांगतोय, तर मी स्वतः उलटं केलं होतं. माझी पण २०१० चीच होती, चंदेरी. पी०ए८० आला, मला प्रियस कळते ही घमेंड, नवीकोरी बॅटरी आणून स्वतः बसवली, शनिवार-रविवार घालवला, बायकोला चक्कर मारून आणली. सकाळी थोडी थरथरायची, मी म्हणायचो थंडी आहे. कूलंट दोनदा भरलं आणि म्हटलं उन्हाळ्यात उडत असेल. बंद सिस्टिममधून कूलंट उडत नाही हे मी दुसऱ्यांना तीस वर्षं सांगत आलोय! तिसऱ्या महिन्यात एका सकाळी खडखडीनंतर ठण्ण झालं आणि रॉड गेला. नवी बॅटरी घेऊन इंजिन नसलेली गाडी दोन महिने ड्राइव्ह-वेमधे उभी होती, शेजारी विचारायचा प्रोजेक्ट आहे का.

बाकीच्या आवाजांचं पटकन, म्हणजे तू प्रत्येक आवाजाला दचकणार नाहीस. दार उघडलं की पुढून घुंई होतं दोन-तीन सेकंद, तो ब्रेकचा पंप, ठीक. तोच पंप ब्रेक न दाबता दर थोड्या सेकंदांनी वाजत असेल तर ठीक नाही, ब्रेकचं प्रेशर गळतंय, लगेच दाखव. रात्री गाडी बंद करून पाच तासांनी गॅरेजमधे मागून गुणगुण येते ती पेट्रोलच्या टाकीची गळती तपासणारा पंप, भूत नाही. मोठ्या उतारावर बॅटरी भरली की इंजिन एकदम किंचाळतं, ते जास्तीची वीज खर्च करतंय, पेट्रोल पीत नाहीये. आणि हायब्रिडमधे एक सोय आहे जी साध्या गाडीत नाही: हळू चालवत इंजिन बंद पडू दे, नुसत्या मोटरवर जाताना पण आवाज येतोय का ऐक. येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल तर इंजिनचा संबंधच नाही, चाकाचं बेअरिंग नाहीतर टायर.

(पुण्याहून दोघांनी विचारलंय म्हणून: इनोव्हा हायक्रॉसची मोठी बॅटरी पण निकेल मेटल हायड्राइडच आहे. गाडी नवी आहे, आजार नाहीत, पण केबिनमधून हवा ओढणारी जाळी कुठे आहे ते आत्ताच शोधून ठेवा आणि तिच्यावर सामान रचू नका.)

तर तू आज संध्याकाळी फक्त जाळीपुढचं सामान हलव, उद्या सकाळी चालू करायच्या आधी चिकटपट्टी लाव. गॅरेजवाल्याला सांग बॅटरी थांबवा, आधी बोअरस्कोप. आठ दिवसांनी टाकीचा फोटो आणि सकाळचा व्हिडिओ दोन्ही पाठव, आवाज नीट येईल असा काढ, मागच्या वेळी एकाने व्हिडिओत मागे रेडिओ चालू ठेवला होता आणि मला फक्त ट्रॅफिकच्या बातम्या कळल्या.